ओएचएलमधला गोलरक्षकाचा ट्रेड: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

दर डिसेंबरात आमच्या मिसिसागा-ब्रॅम्प्टनकडच्या दहा-बारा मराठी घरांत एक कागदी खेळ चालतो. प्रत्येकाने कॅनडातल्या कनिष्ठ आइस हॉकीच्या ओंटारिओ हॉकी लीगचा, म्हणजे ओएचएलचा, एकेक संघ घ्यायचा, जानेवारीतल्या डेडलाइनपर्यंत कागदावर ट्रेड, म्हणजे खेळाडूंची देवघेव, करायचे आणि मार्च-एप्रिलमध्ये खऱ्या खेळाडूंच्या खऱ्या आकड्यांवर हिशोब मांडायचा. दरवर्षी तीच चूक पाहतोय. मंडळी आधी आकडेवारीचं पान उघडतात, सेव्ह पर्सेंटेजमध्ये, म्हणजे अडवलेल्या शॉटांच्या प्रमाणात, वर दिसणारा गोलरक्षक उचलतात आणि मग त्याला कुठे बसवायचं ते शोधत बसतात. मागच्या खेपेला एका गृहस्थांनी वीस वर्षांचा गोलरक्षक मोठ्या हौसेने घेतला. त्यांच्याकडे तीन वीस वर्षांचे आधीच होते, आणि संघात तेवढेच चालतात. चौथ्याला जागा करायला पहिल्या जोडीतला डिफेन्समन जवळजवळ फुकट सोडावा लागला.

म्हणून क्रम लिहून काढतोय. कागदी खेळ खेळणाऱ्यांना तो उपयोगी पडेलच. खरे ट्रेड पाहून 'एवढे ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क) का दिले?' म्हणून डोकं धरणाऱ्यांनाही पडेल.

एक शब्दाचा खुलासा. इथली पोरं 'गोली' म्हणतात, पण फोनवर 'नवीन गोली घेतला' म्हटलं की पुण्याहून आई विचारते, 'आता कशावर?' मी आपला गोलरक्षकच लिहितो.

## आधी वहीची तयारी

एकाही नावाचा विचार करण्याआधी तीन पानं तयार ठेवा.

पहिल्या पानावर आपला संघ, पण नावांच्या क्रमाने नको, जन्मवर्षाच्या क्रमाने. ओएचएलमध्ये साधारण १६ ते २० वयाची मुलं खेळतात आणि सगळे नियम जन्मवर्षावर चालतात. २०२५-२६ च्या हंगामात २००५ साली जन्मलेला खेळाडू ओव्हरएजर, म्हणजे विसाच्या गटातला, धरला जातो, मग तो जानेवारीतला असो की डिसेंबरातला.

दुसऱ्या पानावर वेळापत्रक. नियमित हंगाम ६८ सामन्यांचा असतो. डेडलाइन जानेवारीच्या पहिल्या दहा दिवसांत येते. तोवर चाळीसेक सामने उरकलेले असतात, म्हणजे अठ्ठावीसच्या आसपास उरतात. नंतरच्या प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेऱ्यांच्या, चार फेऱ्या, प्रत्येक मालिका सातपैकी चार विजयांची, म्हणजे जास्तीत जास्त २८ सामने. नवा गोलरक्षक आपण या दोन तुकड्यांसाठी घेतो. त्याने ऑक्टोबरात काय दिवे लावले ते त्याच्या जुन्या संघाच्या खात्यावर जमा झालं.

तिसऱ्या पानावर गोलरक्षकांचा तक्ता: जन्मवर्ष, एनएचएलच्या (वरच्या व्यावसायिक लीगच्या) कोणत्या संघाकडे हक्क आहेत, झेललेले शॉट (सामने नव्हे, शॉट), महिन्यागणिक आकडे, आणि त्याच संघातल्या दुसऱ्या गोलरक्षकाचे आकडे. शेवटचा रकाना कुणीच भरत नाही. तो का हवा ते चौथ्या टप्प्यात कळेल.

## टप्पा १: कोणता वसंत आपला, ते ठरवा

कनिष्ठ हॉकीत संघ टिकत नाही. चार वर्षांत अख्खा बदलतो. त्यामुळे 'आपण चांगले आहोत का?' हा प्रश्न अपुरा पडतो. या वर्षी की पुढच्या वर्षी, तो खरा प्रश्न.

पहिल्या पानावर १९-२० वर्षांच्या खेळाडूंभोवती गोल करा आणि पहिल्या दोन आक्रमक फळ्या व पहिल्या चार डिफेन्समनमध्ये त्यातले किती आहेत ते मोजा. या दहा जागांपैकी पाच-सहा जागी १९-२० ची मुलं असतील, तर हे वर्ष तुमचं. त्याच जागांवर १७-१८ ची मुलं असतील, तर पुढचं. आणि मिसळ असेल? मग ना धड विकत घ्यायचं, ना धड विकायचं, असा मोह होतो. आमच्याकडे सर्वांत जास्त नुकसान याच मोहात झालंय: तीन पिक देऊन गोलरक्षक घ्यायचा आणि दुसऱ्या फेरीत घरी परतायचं.

पुढच्या वर्षाचा अंदाज बांधताना एक नवी गोष्ट लक्षात घ्या. पूर्वी कॅनडाच्या मेजर ज्युनिअरमध्ये, म्हणजे ओएचएलसारख्या लीगमध्ये, खेळलेल्या मुलाला अमेरिकेच्या एनसीएए कॉलेज हॉकीचं दार बंद होतं. नोव्हेंबर २०२४ मधल्या निर्णयाने ते ऑगस्ट २०२५ पासून उघडलं. आता १९ वर्षांचा चांगला गोलरक्षक विसाव्या वर्षी परत येईलच, असं गृहीत धरता येत नाही. तो कॉलेजला जाऊ शकतो. 'दीड हंगामासाठी घेतोय' म्हणून जास्त किंमत मोजली आणि पोरगं सप्टेंबरात शिष्यवृत्तीवर निघून गेलं, तर अर्धी किंमत पाण्यात.

तपासा: एका ओळीत उत्तर लिहा. 'या एप्रिलसाठी' किंवा 'पुढच्या एप्रिलसाठी'. दोन्ही लिहावंसं वाटत असेल तर पुढे सरकू नका.

## टप्पा २: जागा मोजा

संघाला ओव्हरएजच्या जागा तीन. गोलरक्षक वीसचा असेल तर त्यातली एक गेली. आक्रमणातला वीसचा खेळाडू सामन्यात वीसेक मिनिटं बर्फावर असतो आणि गोलरक्षक साठच्या साठ मिनिटं, म्हणून 'ओव्हरएजची जागा गोलरक्षकालाच द्यावी' असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. बरोबर आहे, पण अर्धा. ज्याला हलवायचं तो सेंटर, म्हणजे खेळ सुरू करतानाचा फेसऑफ घेणारा मधला आक्रमक, असेल आणि त्याच्या मागे सतरा वर्षांचा मुलगा असेल, तर गोलरक्षकाने वाचवलेले गोल फेसऑफ हरण्यात निघून जातात. ओव्हरएज गोलरक्षकाची किंमत मांडताना जो खेळाडू सोडावा लागेल त्याचं नावही किमतीतच लिहा.

परदेशी खेळाडूंसाठीच्या इम्पोर्ट जागांचंही तेच. कॅनडात युरोपीय गोलरक्षकांना इम्पोर्ट ड्राफ्टमधून घेण्यावर २०१४ पासून बंदी होती, ती २०१८ मध्ये उठली. त्यामुळे आता चेक किंवा स्लोव्हाक गोलरक्षक मिळू शकतो, पण तो इम्पोर्टची जागा खाणार. त्या जागेवर तुमचा सर्वाधिक गोल करणारा विंगर बसलेला असेल, तर चर्चा तिथेच संपली.

काही खेळाडूंच्या करारात 'ट्रेड करू नये' असं कलमही असतं. त्या मुलाने संमती दिल्याशिवाय तुमच्या कागदी हुशारीला अर्थ नाही.

सावधान: तीन गोलरक्षक ठेवून 'पाहू पुढे' म्हणू नका. सरावाला बर्फावर जाळ्या दोनच. तिसरा कोपऱ्यात उभा राहतो, आणि महिनाभरात तिघांचीही लय बिघडते.

## टप्पा ३: कॅलेंडरवर बोट ठेवा

या वयोगटाची जागतिक स्पर्धा, वर्ल्ड ज्युनिअर, २६ डिसेंबरला सुरू होते आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. त्याआधी शिबिर. राष्ट्रीय संघात निवडला गेलेला गोलरक्षक जवळजवळ तीन आठवडे तुमच्याकडे नसतो, आणि तो परततो तेव्हा डेडलाइन दारात उभी असते.

दोन रस्ते आहेत. डिसेंबरच्या सुरुवातीलाच घ्या: बाजारात गर्दी कमी असते आणि मुलाला नवी ड्रेसिंग रूम, नवं घर यांची ओळख करून घ्यायला थोडे दिवस मिळतात. किंवा स्पर्धा संपेपर्यंत थांबा: दुखापत झाली का, आत्मविश्वास कुठे आहे, ते दिसतं. मी पहिल्या रस्त्याचा माणूस आहे. टीव्हीवर दोन सामने चांगले गेले की त्या मुलाचा भाव आठवड्यात चढतो, आणि वाईट गेले तर विकणारा संघ तरीही जुनाच भाव सांगतो. थांबणाऱ्याला स्वस्ताई क्वचित मिळते.

ओटावा ६७'ज संघाने २०१८ च्या डिसेंबरात विंडसरकडून गोलरक्षक मायकल डिपिएत्रोला घेतलं ते असंच, स्पर्धेआधी. तो वर्ल्ड ज्युनिअरमध्ये कॅनडाकडून खेळला आणि फेब्रुवारीत एनएचएलच्या व्हँकुव्हर कनक्सकडे दुखापतींमुळे गोलरक्षक उरले नाहीत म्हणून तातडीने तिकडेही गेला. सॅन होजेविरुद्धच्या त्या एका सामन्यात सात गोल खाऊन परत आला. यातून घ्यायचं ते एवढंच की एनएचएलने निवडलेला गोलरक्षक पूर्णपणे तुमचा कधीच नसतो. वहीत त्याच्या नावापुढे 'गैरहजेरीची शक्यता' असा रकाना करा.

वेळापत्रकाच्या पानावर आता 'तीन दिवसांत तीन सामने' असलेले शनिवार-रविवार शोधा. ओएचएलमध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार असे सलग सामने नेहमीचे. सू सेंट मेरीसारख्या ठिकाणाहून बस पहाटे उतरते. अशा प्रत्येक आठवड्यात एक सामना दुसऱ्या गोलरक्षकाचा. डेडलाइननंतर असे किती आठवडे आहेत ते मोजा. तेवढे सामने दुसऱ्याला लागणारच, मग पहिला कितीही मोठा असो.

## टप्पा ४: आता, आणि आताच, गोलरक्षकाकडे पाहा

### आकडे किती खरे मानायचे

समजा एखाद्याने २० सामन्यांत ६०० शॉट झेलले आणि ५४ गोल खाल्ले. सेव्ह पर्सेंटेज ०.९१०. छान दिसतं. पण ६०० शॉटांत निव्वळ नशिबाने सात गोल इकडे किंवा तिकडे होणं अगदी साधी गोष्ट. म्हणजे तोच मुलगा, तोच खेळ, आणि आकडा ०.८९८ ही असू शकला असता किंवा ०.९२२ ही. आणि साधारण तीनातल्या एका वेळी नशीब याच्याही पलीकडे जातं. आमची मंडळी मात्र ०.९१२ आणि ०.९०६ यांत तासभर वाद घालतात. त्या फरकाला काही अर्थ नाही.

म्हणून दोन गोष्टी करा. मागच्या हंगामाचे शॉट जोडून बेरीज १,५०० च्या वर न्या, मग तुलना करा. आणि तो न भरलेला रकाना भरा: त्याच संघातल्या दुसऱ्या गोलरक्षकाचे आकडे. दोघंही त्याच डिफेन्समागे उभे राहतात. पहिल्याचे ०.९१५ आणि दुसऱ्याचे ०.९१२ असतील तर श्रेय बचावफळीचं, आणि ती काही तुमच्याकडे येणार नाही. पहिल्याचे ०.९०५ आणि दुसऱ्याचे ०.८७५ असतील, तर त्या साध्या दिसणाऱ्या ०.९०५ मागे खरा माणूस उभा आहे. यादीत तो पंधराव्या क्रमांकावर असेल. तुम्हाला तोच हवाय.

फायदा केवढा, तोही मांडून ठेवा. ०.९०० ऐवजी ०.९१५ चा गोलरक्षक आला तर ३० शॉटांच्या सामन्यात ०.४५ गोल वाचतो. २८ सामन्यांची पूर्ण प्लेऑफ वारी झाली तर बारा-तेरा गोल. हा घसघशीत फायदा झाला. पण त्याच २८ सामन्यांत नशिबाचं मागेपुढे आठ-नऊ गोलांचं असतं. फायदा खरा आहे, हमी नाही.

### डोळ्यांनी काय पाहायचं

स्टीलहेड्स संघ २०२४ मध्ये मिसिसागाहून ब्रॅम्प्टनला गेला. आम्हाला घरापासून वीस मिनिटं. तिकीट घेताना जाळीच्या मागच्या कोपऱ्याची जागा घ्या, आणि पाहुण्या संघाचा गोलरक्षक दुसऱ्या पिरियडमध्ये (सामन्याच्या तीन भागांतल्या मधल्या) नीट पाहा. दुसऱ्या पिरियडमध्ये बाजू बदलतात, स्वतःचा बाक लांब पडतो, खेळाडू बदलायला उशीर होतो आणि दोनावर एक, तीनावर दोन असे हल्ले जास्त येतात. गोलरक्षक उघडा पडतो तो तेव्हा.

पाहायच्या गोष्टी थोड्या. अडवलेला पक (खेळायची रबरी चकती) कुठे जातो: कोपऱ्यात, की समोरच्याच्या काठीवर? आडवा पास आला तर तो सरकून पाय रोवून उभा राहतो, की सरकता सरकताच शॉट घेतो? पक जाळीच्या मागून फिरवला तर एक गुडघा बर्फावर टेकून खांबाला चिकटतो तेव्हा खांद्यावरची फट उघडी ठेवतो का?

आणि गोल खाल्ल्यानंतरची दोन मिनिटं. एका रात्री एका अठराच्या मुलाने जवळच्या खांबाकडून अगदी भुक्कड गोल खाल्ला. माझ्या मागचे काका ओरडलेच. त्याने दोन्ही खांबांवर काठी टेकवली, बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं, परत उभा. पुढचा शॉट निळ्या रेषेवरून, गर्दीतून आला. तो त्याने पकडला, आणि घाईने सोडून खेळ पुढे न नेता शिटीपर्यंत हातमोज्यात धरून ठेवला. त्याच्या दमलेल्या फळीला बदलायला वेळ मिळाला. वहीत मी दोनच शब्द लिहिले, 'घाई नाही'. तो माझ्या यादीत अजून आहे.

सावधान: एकाच सामन्यावरून मत बनवू नका. आणि त्याचा संघ ४२ शॉट देत असेल तर 'केवढं झेलतोय!' म्हणून हुरळून जाऊ नका. तुमचा संघ २४ शॉट देत असेल, तर त्याला दहा-दहा मिनिटं काहीच न करता उभं राहावं लागेल आणि मग एकदम एकट्याने धावत आलेला खेळाडू थांबवावा लागेल. हे वेगळं काम आहे. सवय असलेलाच ते करतो.

## टप्पा ५: दुसरा गोलरक्षक

अर्धा निर्णय इथे आहे, आणि तोच सगळे शेवटच्या पाच मिनिटांत उरकतात.

ओटावाची गोष्ट पुढे नेतो. २०१८-१९ मध्ये ते लीगमध्ये पहिले आले. प्लेऑफमध्ये हॅमिल्टन, सडबरी, ओशावा, तिघांनाही चार-शून्यने घरी पाठवलं. अंतिम मालिकेत ग्वेल्फ स्टॉर्मविरुद्ध पहिले दोन सामने जिंकले. सलग चौदा विजय. मग डिपिएत्रो जायबंदी झाला. सेड्रिक आंद्रे जाळीत आला. पुढचे चारही सामने ग्वेल्फने घेतले आणि चषकही. ग्वेल्फने त्या जानेवारीत मुख्यतः जाळीबाहेरच्या खेळाडूंवर खर्च केला होता, ओवेन साऊंडहून आलेला निक सुझुकी त्यातलाच.

आंद्रेवर खापर फोडायला ही गोष्ट सांगत नाही. इतका मोठा डाव लावलेल्या संघाचं सगळं एका घोट्यावर टेकलेलं असतं, हे दाखवायला सांगतोय. म्हणून गोलरक्षक घेताना दुसऱ्याबद्दल तीन प्रश्न लिहून सोडवा.

आतापर्यंतचा तुमचा पहिला गोलरक्षक सौद्यात देताय का? समोरचा संघ हमखास तो मागतो, कारण त्यांची जाळी रिकामी होणार असते. शक्यतो देऊ नका. त्याऐवजी आणखी एक तिसऱ्या फेरीचा पिक द्या. जो सप्टेंबरपासून तुमच्या डिफेन्समनचा आवाज ओळखतो, असा दुसरा गोलरक्षक पुन्हा विकत मिळत नाही.

ठेवलात तर तो नाराज होणार का? होणारच. त्याला स्पष्ट सांगायचं: दर आठवड्याला एक सामना तुझा. आणि तो द्यायचाच.

पुढच्या वर्षी जाळीत कोण? दुसरा गोलरक्षक १७ चा असेल तर हा हंगाम त्याची उमेदवारी. डस्टिन वुल्फचं उदाहरण घ्या, पश्चिमेकडच्या डब्ल्यूएचएलमधल्या एव्हरेटचं. २०१७-१८ मध्ये तो कार्टर हार्टच्या मागे बसला, मोजके सामने खेळला, आणि पुढच्या वर्षी जाळी त्याची झाली. संघाला बाजारात जावंच लागलं नाही. असा मुलगा घरात असेल तर १९ च्या गोलरक्षकावर दीड वर्षाची किंमत मोजू नका. सहा महिन्यांपुरता घ्या.

तपासा: 'पहिला उद्या जायबंदी झाला तर अंतिम मालिकेत कोण?' या प्रश्नाला उत्तर म्हणून नाव आलं, आणि त्या नावाने जानेवारीनंतर आठ तरी सामने खेळायचे ठरले असतील, तरच पुढे.

## टप्पा ६: किंमत

ओएचएलमध्ये पहिल्या फेरीचे पिक देण्याघेण्यावर वर्षानुवर्षं बंधन राहिलं आहे, म्हणून इथल्या ट्रेडच्या बातम्या वाण्याच्या यादीसारख्या दिसतात: दुसऱ्या फेरीचे दोन, तिसऱ्याचा एक, पाचव्याचा एक, आणि तेही तीन-चार वर्षं पुढचे. शिवाय सशर्त पिक: संघ अमुक फेरी जिंकला तर, किंवा खेळाडू विसाव्या वर्षी परतला तर.

नवख्यांची ठरलेली चूक म्हणजे लांबच्या वर्षाचे पिक स्वस्त समजून उधळणं. उलटं आहे. आज तुम्ही जिंकायला निघालात, म्हणजे दोन वर्षांनी तुमची मुलं निघून गेलेली असणार आणि संघ तळाला असणार. तळाच्या संघाचा दुसऱ्या फेरीचा पिक म्हणजे पहिल्या फेरीच्या उंबरठ्यावरचा मुलगा. या वर्षीचा तुमचा दुसऱ्या फेरीचा पिक मात्र, तुम्ही वर असल्याने, त्या फेरीच्या शेवटी येणार. तेव्हा जवळचे पिक आधी द्या, लांबचे शेवटी.

स्विफ्ट करंट ब्रॉन्कोजने जानेवारी २०१८ मध्ये लेथब्रिजकडून गोलरक्षक स्टुअर्ट स्किनर घेतला. तेव्हा तो १९ चा होता, एडमंटन ऑइलर्सने निवडलेला. त्या वसंतात त्यांनी डब्ल्यूएचएल जिंकली, अंतिम मालिकेत एव्हरेटला हरवून. पुढच्याच हंगामात ते लीगच्या तळाला होते. मला विचाराल तर सौदा फायद्याचा. छोट्या गावातल्या संघाला असा चषक पिढीत एकदा मिळतो. पण उतरण येणार हे धरूनच तो करायचा असतो. पुढच्या वर्षी 'असं कसं झालं' म्हणायची सोय नाही.

भाव कसा ठरतो तेही पाहा. गोलरक्षकांचा बाजार म्हणजे संगीत खुर्ची. वीस संघांत जाळी वीसच, त्यातल्या चार-पाच संघांनाच जानेवारीत नवा गोलरक्षक हवा असतो, आणि त्याच वेळी तीन-चार विकाऊ असतात. डेडलाइनच्या दिवशी दुपारी खुर्च्या भरत आल्या की उरलेल्या विक्रेत्याची पंचाईत होते, कारण त्याचा वीस वर्षांचा गोलरक्षक एप्रिलनंतर त्याच्या काहीच कामाचा नाही. तेव्हा भाव पडतो. पण उभं राहायची वेळ तुमच्यावरही येऊ शकते. माझा हिशोब साधा: बाजारात मला चालणारे दोन असतील तर मी थांबतो, एकच असेल तर थांबत नाही.

आणि बाजार जानेवारीतच भरतो असंही नाही. ओएचएलच्या लंडन नाइट्सकडे २०२४ च्या शरद ऋतूत गोलरक्षक ऑस्टिन एलियट आला. तो ओव्हरएज होता, आणि डब्ल्यूएचएलच्या सास्काटून संघाला दुसऱ्या गोलरक्षकासाठी त्याला सोडावं लागलं होतं. नियमित हंगामात तो ३२ सामने जिंकला, एक हरला. मे-जून २०२५ मध्ये लंडनने रिमुस्कीत मेमोरियल कपही, म्हणजे कॅनडाच्या कनिष्ठ लीगांच्या विजेत्यांचा चषकही, जिंकला. जानेवारीत लोक जे मूठभर पिक देऊन शोधतात, ते ऑक्टोबरात कुणाच्या तरी ओव्हरएजच्या गर्दीत अडलेलं असतं. ऑक्टोबरात सगळ्या संघांची वीस वर्षांची मुलं मोजायला एक संध्याकाळ लागते. मोजत कुणी नाही.

## टप्पा ७: तुम्ही विकणारे असाल तर

थोडक्यात. १९-२० चा गोलरक्षक आणि तळाकडचा संघ असेल, तर विका, आणि लवकर विका. भावनेला जागा नको. पण बदल्यात 'उद्याचा गोलरक्षक' म्हणून सोळा-सतरा वर्षांचा मुलगा घेऊ नका, पिक घ्या. गोलरक्षक उशिरा पिकतात. सोळाव्या वर्षी त्यांचा अंदाज बांधणं म्हणजे मोहोरावरून आंबे मोजणं.

एक माणुसकीची गोष्ट. कागदावर ही नावं असतात, पण सतराचा मुलगा जानेवारीत हलतो तेव्हा ओंटारिओतल्या शाळांचं सत्र संपायला दोन-तीन आठवडे उरलेले असतात. तो ज्या कुटुंबात राहतो ते घर सोडतो, शाळा बदलतो, आणि शनिवारी परक्या गावात जाळीत उभा राहतो. त्याचे पहिले पाच सामने वाईट गेले तर त्यात आश्चर्य नाही.

## टप्पा ८: डेडलाइननंतरचे दहा आठवडे

नव्या गोलरक्षकाला पहिल्या रात्री घरच्या मैदानावर, तगड्या प्रतिस्पर्ध्यासमोर उतरवू नका. सुरुवात मधल्या फळीतल्या संघाविरुद्ध, शक्यतो बाहेरगावी. पहिले दोन सराव डिफेन्समनसोबत फक्त जाळीच्या मागच्या पकसाठी: तो थांबवणार की सोडणार, कुठल्या बाजूला देणार, काय ओरडणार. या गोंधळातून खाल्लेले गोल त्याच्या नावावर चढतात, आणि मंडळी लगेच 'ट्रेड फसला' म्हणतात. दहा सामने होईपर्यंत हा शब्द उच्चारायला आमच्या गटात दंड आहे, एक डबा चकल्या.

नियमित हंगामाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत पहिल्याला विश्रांती द्या, क्रमवारी एका जागेने घसरली तरी चालेल.

प्लेऑफमध्ये गोलरक्षक कधी बदलायचा, तो नियम आत्ताच, थंड डोक्याने लिहा. माझा असा: एका सामन्यात चार गोल गेले तर त्या रात्री बदल, पुढच्या सामन्यात पुन्हा पहिलाच. सलग दोन सामन्यांत बदलावा लागला तर तिसरा दुसऱ्याचा. गोल कसे गेले ते पाहायचं, किती गेले ते नव्हे, असं कुणी म्हणेल. पटतं. पण मालिका दोन-दोन झालेली असताना रात्री अकरा वाजता 'कसे गेले' याचा विचार कुणालाच नीट करता येत नाही. मला तर नाहीच. म्हणून आकडा लिहून ठेवलाय, आणि पानाखाली तारीख टाकून बायकोची सही घेतली आहे.